बंद गिरणीत काय पाहावे?



पडका किल्ला पाहायला आपण हौसेने जातो. बंद गिरणीकडे मात्र पाठ फिरवतो. आपल्या मुखेडहून नांदेड काही दूर नाही. तेथील उस्मानशाही गिरणीच घ्या. सातवे निजाम मीर उस्मान अली यांचे नाव तिने मिरवले. १९७४ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि पुढे भोंगाही थांबला.

अशी वास्तू पाहावी कशी? आधी छपराकडे पाहा. जुन्या गिरण्यांचे छप्पर पुष्कळदा करवतीच्या दात्यांसारखे असे. काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन न येता सारखा उजेड पडावा आणि तुटलेला धागा चटकन दिसावा! मग जमीन पाहा. यंत्रे भंगारात गेली, तरी त्यांचे खिळे रोवल्याच्या खुणा साच्यांच्या रांगा दाखवतात.

पण विटा एवढेच सांगतात. त्या खडखडाटात शेजाऱ्याशी कसे बोलत, रात्रपाळीची झोप कशी आवरत, हे जुना कामगारच सांगेल. म्हणून परवानगी काढून, त्याला बरोबर घेऊन जा. तो बोलेल ते लिहून घ्या. भिंती आणखी काही पावसाळे काढतील. कामगार थांबेलच असे नाही.