शाळेच्या कपाटातली पुस्तकं कोणी निवडायची?

आजच्या भागात पाहुणा कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. थोडी कापाकापी सोडली तर बोललो तसाच ठेवलाय.

मी मूळचा मुखेडचा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. मी ग्रंथपाल नाही आणि शिक्षकही नाही. पण सुट्टीत गावाकडं गेलो की आजूबाजूच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत जातो आणि गुरुजींना म्हणतो, सर, जरा पुस्तकांचं कपाट दाखवता का? त्या कपाटांवरून जे समजत गेलं ते आज सांगतो. विषय आहे शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडायची कशी, आणि निवडायची कोणी.

आधी नियमाचं बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं असावीत, आणि गोष्टीची पुस्तकंही असावीत. गोष्टीच्या पुस्तकांचा वेगळा उल्लेख आहे, हे लक्षात ठेवा. पुढं २०१८ साली समग्र शिक्षा योजना आली. तिच्यात शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. शाळा कितवीपर्यंत आहे त्यावर रक्कम ठरते.

म्हणजे कागदावर पुस्तकंही आहेत आणि पैसेही आहेत. मग अडतं कुठं?

पैसे पुष्कळदा वर्ष संपत आलं की हातात पडतात. मार्च डोक्यावर असतो. खर्च करा, पावती जोडा, उपयोगिता प्रमाणपत्र द्या. अशा घाईत मुख्याध्यापक काय करणार? जो विक्रेता तयार संच घेऊन येतो त्याचा संच घेतात. संचात थोर पुरुषांची बारीक टायपातली चरित्रं, बोधकथा, सामान्यज्ञान, निबंधमाला आणि सुविचार. ही पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण ती कोणी निवडली? शाळेनं नाही निवडली, लेकरांनी तर नाहीच नाही. ती नुसती आली.

आल्यावर त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला होते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचं पद नाही, त्यामुळं कपाटाचा चार्ज एखाद्या सरांकडं किंवा मॅडमकडं येतो. पुस्तक हरवलं तर जबाबदारी त्यांची. बदली झाली की सगळी मोजून पुढच्याला द्यायची. आता तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं? कुलूप लावलं असतं. ते कुलूप भीतीचं आहे, आळसाचं नाही. शिक्षकांना नावं ठेवण्याआधी एवढं समजून घेतलं पाहिजे.

आता कपाटाच्या दुसऱ्या बाजूला कोण आहे ते बघू.

आपला तालुका कसा आहे तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला लातूर जिल्हा, देगलूरवरून पुढं गेलं की तेलंगणा, उदगीरवरून पुढं गेलं की कर्नाटकातलं बीदर. तांड्यावरची लेकरं घरात गोरमाटी बोलतात. काही घरांत कन्नड, काही घरांत तेलुगू. शाळेत येऊन ती पुस्तकी मराठी शिकतात, म्हणजे त्यांच्यासाठी ती दुसरी भाषाच झाली. त्यात दिवाळीनंतर कितीतरी आईबाप ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात. लेकरं सोबत गेली की मधले महिने बुडतात. त्यामुळं सहावीच्या एकाच वर्गात एक पोरगी सरळ कादंबरी वाचते आणि तिच्या शेजारी बसलेला पोरगा जोडाक्षरापाशी अडतो.

त्या अडणाऱ्या पोराच्या हातात बारीक टायपातलं दीडशे पानांचं चरित्र द्या. तो दोन ओळी वाचील, अडकेल, बंद करील. त्या दिवशी त्याच्या मनात काय पक्कं होतं? की वाचणं आपलं काम नाही. असं दोन-चार वेळा झालं की तो पुस्तकाकडं फिरकत नाही. अनुदान पुढच्या वर्षी परत येतं, पण त्या पोराचं सहावीचं वर्ष परत येत नाही. म्हणून पुस्तकं निवडणं हे मला खरेदीच्या फायलीपेक्षा फार मोठं काम वाटतं.

मग निवडायचं कसं? मी जे बघतो ते सांगतो.

पहिली गोष्ट, पुस्तक झेपतं का. यासाठी जुनी सोपी युक्ती आहे. लेकराला मधलं एक पान वाचायला सांगायचं. शब्द अडला की एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या त्याच्यासाठी अवघड आहे. आणि सहावीच्या पोराला सोपं पुस्तक देताना ते बाळबोध दिसू नये, हेही बघायचं. त्याला पहिलीचं चित्रांचं पुस्तक सगळ्यांसमोर दिलं तर तो लाजून बाजूला ठेवील. मोठ्या वयाचा विषय आणि सोपी वाक्यं असलेली पुस्तकं मराठीत कमी आहेत, म्हणून ती मुद्दाम शोधावी लागतात.

दुसरी गोष्ट, पुस्तकात घर कोणाचं आहे. रुडीन सिम्स बिशप नावाच्या अमेरिकन प्राध्यापिकेनं १९९० साली मांडलं होतं की मुलांना पुस्तकं आरशासारखीही हवीत आणि खिडकीसारखीही. आरशात आपण दिसतो, खिडकीतून दुसऱ्याचं जग दिसतं. आपल्याकडच्या कपाटांत खिडक्या बऱ्या आहेत, आरसे कमी. ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा' घ्या. २०१७ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेलं पुस्तक. धरणाखाली जाणाऱ्या गावातलं बालपण आहे त्यात. लेंडी धरणापायी उठावं लागलेली गावं आपल्याच तालुक्यात आहेत ना? तिथल्या शाळेत हे पुस्तक नसावं का? नांदेडचेच डॉ. सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया' या कवितासंग्रहाला २०२५ चा हाच पुरस्कार मिळाला. आपल्या जिल्ह्यातला माणूस लेकरांसाठी लिहितो, हे आपल्या लेकरांना कळायला पाहिजे.

खिडक्याही चांगल्या निवडा. जपानमधल्या शाळेची 'तोत्तोचान' नॅशनल बुक ट्रस्टनं मराठीत आणली आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, त्याचा काळ जुना, पण त्याचा पळापळीचा वेग अजून पोरांना धरून ठेवतो. लहान वर्गांसाठी माधुरी पुरंदरे आहेतच. त्यांच्या गोष्टींत साध्या घरातल्या साध्या घडामोडी असतात, आणि चित्रंही बहुतेक त्यांचीच.

तिसरी गोष्ट, आठवी ते दहावी. इथं सगळेच गप्प होतात. या वयाची पुस्तकं म्हणजे स्पर्धा परीक्षेची गाइडं, एवढंच समजलं जातं. मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली आली. आणीबाणीच्या काळातली नववीतली पोरं आहेत त्यात. प्रेमही आहे, शिव्याही आहेत. ही कादंबरी शाळेच्या कपाटात ठेवावी का? काही सर म्हणतात, पालक भांडायला येतील. मला विचाराल तर नववी-दहावीच्या कप्प्यात ठेवावी. त्या वयाची पोरं मोबाइलवर काय काय बघतात ते आपल्याला माहीत आहे. त्यापेक्षा त्यांच्या मनातली घालमेल कोणीतरी नीट समजून लिहिली आहे, ती त्यांनी वाचलेली बरी. पण एक अट, निवडणाऱ्या शिक्षकानं आधी स्वतः पूर्ण वाचलेली असावी. मग पालक आले तरी उत्तर देता येतं. प्रकाश नारायण संतांचा लंपन, आनंद यादवांची 'झोंबी', वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' हीपण याच कप्प्यातली. लंपनच्या मराठीत कन्नडचा सूर आहे, आपल्याकडच्या पोरांना तो परका वाटणार नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. आम्ही सॉफ्टवेअर बनवतो तेव्हा सगळं एकदम विकत घेऊन बसत नाही. आधी थोडं वापरणाऱ्याच्या हातात देतो, तो कुठं अडतो ते बघतो, मग पुढचा खर्च. पुस्तकांचं असंच करता येतं, आणि फुकटात करता येतं. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर २०१५ पासून चालू आहे. त्यावर मराठी गोष्टी चार वाचनपातळ्यांत लावलेल्या आहेत. उघडून वाचा, वर्गातल्या टीव्हीवर दाखवा, प्रिंट काढा, परवानगी आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. जून ते डिसेंबर यातलं वाचून दाखवा. कोणत्या गोष्टीला लेकरं परत परत मागतात ते वहीत टिपा. मार्चमध्ये विक्रेता दारात येईल तेव्हा त्याच्या हातात आपली यादी द्या.

हिशेबही करून बघा. ५ हजार रुपये आणि सरासरी १०० रुपयांचं पुस्तक धरलं तर ५० पुस्तकं येतात. एकाच पुस्तकाच्या दहा प्रती घेतल्या तर फक्त पाच नावं. पातळ चित्रपुस्तकं जास्त आणि जाड पुस्तकं मोजकी घेतली तर नावं वाढतात. जिल्ह्याच्या ठिकाणी दरवर्षी ग्रंथोत्सव होतो, तिथं जाताना चार पोरंपोरी सोबत न्या. एक पटपट वाचणारी, एक अडखळणारा, एक तांड्यावरची, एक खोडकर. त्यांनी उचललेलं आधी बघा, मग आपलं मत.

शेवटचं म्हणजे देवघेव रजिस्टर. एका शाळेत मी ते चाळलं. काही पुस्तकांपुढं नावांची रांग होती, काहींपुढं एकही नाव नव्हतं. पुढच्या वर्षाची खरेदी त्या पानावरच लिहिलेली होती. फक्त तसं वाचायला पाहिजे. आणि फाटलेल्या पुस्तकाला घाबरू नका. निर्लेखनाची पद्धत आहे, ठराव करून जीर्ण पुस्तकं कमी करता येतात. हे काम केंद्रप्रमुखांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं पुढं होऊन केलं, चार पुस्तकं फाटली तर चालतील असं एकदा तोंडानं सांगितलं, तर निम्मी कुलपं आपोआप निघतील.

आणि माझ्यासारखे जे पुण्या-मुंबईत, हैदराबादला आहेत त्यांना विनंती. वाढदिवसाला गावच्या शाळेला पुस्तकं देता, छान आहे. पण घरातली रद्दी, जुनी प्रवेश परीक्षेची गाइडं पाठवू नका. आधी सरांना फोन करा आणि विचारा, सर, कोणतं पुस्तक लेकरं भांडून नेतात? त्याचे पुढचे भाग मी पाठवतो.

तुमच्या गावच्या शाळेत असं कोणतं पुस्तक आहे ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.