विज्ञान शिक्षकाचा उन्हाळा

(माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



उन्हाळ्याची सुट्टी हा शिक्षकांच्या दृष्टीने नाजूक विषय आहे, याची मला जाणीव आहे. परीक्षा, उत्तरपत्रिकांची तपासणी, निकालपत्रके आणि अधूनमधून निवडणुकीचे नाहीतर जनगणनेचे काम, हे सारे उरकल्यावर जे चार-पाच आठवडे हाती लागतात, त्यांवर आणखी एका प्रशिक्षणाचा घाला घालण्यासाठी मी येथे उभा नाही. प्रशिक्षण या शब्दाबरोबर आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, हे मी सांगायला नको. हजेरीपट, दुपारी जड होणाऱ्या पापण्या आणि शेवटच्या दिवशी मिळणारे प्रमाणपत्र! आज मी ज्या उपक्रमाविषयी बोलणार आहे, त्यात यातले जवळजवळ काहीही नव्हते.

हा उपक्रम अमेरिकेतला आहे. अमेरिकेतील सर्वच गोष्टी अनुकरणीय मानणाऱ्यांपैकी मी नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु न्यूयॉर्क शहरातील शाळांची स्थिती काही बाबतींत आपल्या महानगरांतील शाळांहून फार निराळी नाही. नाना देशांतून आलेली, घरी निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले, गरीब वस्त्या, दाटीवाटीचे वर्ग आणि राज्याच्या मंडळाची परीक्षा! आपल्या शालान्त परीक्षेप्रमाणे तेथे 'रीजंट्स' नावाच्या परीक्षा असतात. अशा शाळांतील विज्ञान शिक्षकांसाठी कोलंबिया विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक सॅम्युएल सिल्व्हरस्टाइन यांनी १९९० साली एक योजना सुरू केली. योजना ऐकायला अगदी साधी वाटते. माध्यमिक शाळेतील शिक्षकाने लागोपाठ दोन उन्हाळे, प्रत्येकी आठ आठवडे, विद्यापीठातील एखाद्या संशोधकाच्या प्रयोगशाळेत येऊन काम करायचे. पाठ्यक्रम नाही, व्याख्यानमाला नाही, परीक्षा नाही. त्या प्रयोगशाळेत ज्या प्रश्नावर संशोधन चालू असेल, त्याचाच एक लहानसा भाग शिक्षकाने उचलायचा. आठवड्यातला एक दिवस मात्र सर्व शिक्षकांनी एकत्र बसायचे, आपापले काम एकमेकांना समजावून सांगायचे आणि यातले वर्गात काय नेता येईल, याचा विचार करायचा. याबद्दल शिक्षकांना मानधन मिळे. शिक्षकाचा सुट्टीतला वेळ फुकट गृहीत धरू नये, हा विचार त्यामागे आहे, आणि आपल्याकडे तो मुळापासून शिकण्यासारखा आहे.

आता कोणी विचारील, शाळेत विद्युतधारा आणि पेशीविभाजन शिकवणाऱ्या शिक्षकाला संशोधनाची आवश्यकता काय? दहावीचे पुस्तक शिकवायला पदवी पुरेशी नाही काय? पदवीला मी कमी लेखत नाही. पण आपल्या पदवीच्या शिक्षणात आपण जे प्रयोग केले, त्यांची उत्तरे प्रयोग करण्यापूर्वीच छापलेली होती. गुरुत्वीय त्वरण काढायचे, तर ते ९८० च्या आसपास यायला हवे, हे लंबक टांगण्यापूर्वीच माहीत असते. मग निरीक्षणे त्या आकड्याकडे वळवण्याची कला आपोआप अवगत होते. म्हणजे विज्ञानाचा पदवीधर होऊन, विज्ञानाचा शिक्षक होऊन, तीस वर्षे विज्ञान शिकवून सन्मानाने निवृत्त होणाऱ्या माणसाला, ज्याचे उत्तर जगात कोणालाच माहीत नाही अशा प्रश्नापुढे एकदाही उभे राहावे लागत नाही. विहिरीत न उतरता पोहणे शिकवावे, तसे हे झाले. दोष शिक्षकाचा नाही. त्याला विहिरीपर्यंत कोणी नेलेच नाही.

संशोधनाच्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवल्यावर काय होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको. पहिले काही दिवस केवळ हात बसवण्यात जातात. हजारांश मिलिलिटर द्रव अचूक उचलणे हे कौशल्य आहे आणि ते पुस्तकातून येत नाही. मग पहिला प्रयोग फसतो. दुसराही फसतो. तिसरा यशस्वी होतो, पण तो का झाला हे कळत नाही, म्हणून तो पुन्हा करावा लागतो. आठवड्याच्या बैठकीत एखादा तरुण संशोधक आपला आलेख मांडतो आणि त्याचेच सहकारी त्याला धारेवर धरतात. तुलनेसाठी ठेवलेला नमुना कोठे आहे? निरीक्षण किती वेळा घेतले? हा फरक योगायोगाने आला नसेल कशावरून? यात कोणाचाही अवमान होत नाही आणि चहाच्या वेळी सारे पुन्हा एकत्र असतात. आणि मग कोणीतरी एक शंका विचारतो, तेव्हा त्या विभागाचे नामांकित प्रमुख शांतपणे म्हणतात, 'मला माहीत नाही. पाहू या.' वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला हे तीन शब्द उच्चारणे किती कठीण जाते, हे आपण सारे जाणतो.

एवढे सांगून मी थांबलो, तर आपण म्हणाल की अनुभव छान आहे, पण मुलांच्या पदरात काय पडले? सिल्व्हरस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले आणि २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. योजनेत आलेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांची तुलना त्यांनी त्याच शाळांत विज्ञान शिकवणाऱ्या इतर शिक्षकांच्या विद्यार्थ्यांशी केली. योजनेत येण्यापूर्वीच्या वर्षी दोन्ही गटांतील विद्यार्थ्यांचे रीजंट्स परीक्षेत उत्तीर्ण होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच होते. ही बाब महत्त्वाची आहे. नाहीतर, मुळात हुशार शिक्षकच तेथे गेले असतील, असे म्हणून हा विषय मिटवता आला असता. शिक्षक योजनेत आल्यानंतरच्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी मात्र त्यांच्या विद्यार्थ्यांचे उत्तीर्णतेचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी अधिक आढळले.

तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी, हे शब्द कृपया लक्षात ठेवावेत. परिणाम लगेच दिसला नाही. शिक्षकाला पाहिलेले पचवावे लागते, शाळेत परतून आपल्या पाठात फेरफार करावे लागतात, काही फेरफार फसतात. जूनमध्ये बी पेरून ऑगस्टमध्ये अहवाल मागणारी आपली कार्यालये अशा योजनेला दुसऱ्याच वर्षी टाळे ठोकतील, ही माझी खरी भीती आहे.

हा अभ्यास परिपूर्ण आहे, असे मी म्हणत नाही. तो एका शहरातला आहे, त्यातील शिक्षकांची संख्या मर्यादित होती आणि अभ्यास करणारे स्वतःच योजनेचे चालक होते. विज्ञानाच्या शिक्षकांपुढे बोलताना या मर्यादा झाकून ठेवणे योग्य ठरणार नाही. परंतु शिक्षक प्रशिक्षणाचा परिणाम थेट विद्यार्थ्यांच्या गुणांपर्यंत मोजण्याचे धाडस मुळात किती जण करतात? आपल्याकडे प्रशिक्षण संपते तेव्हा शिक्षकांनाच एक छापील कागद देऊन 'प्रशिक्षण कसे वाटले?' असे विचारतात, आणि सर्वांना ते उत्तमच वाटलेले असते.

खर्चाविषयीही त्यांनी एक हिशेब मांडला. योजनेवर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे शाळांची १ डॉलर १४ सेंटची बचत झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. याचे एक मोठे कारण म्हणजे तेथे विज्ञान शिक्षक नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण बरेच असते. नवा शिक्षक शोधणे, नेमणे, तयार करणे हे खर्चिक असते. प्रयोगशाळेत राहून आलेले शिक्षक वर्गात अधिक टिकले. आपल्याकडे हा हिशेब जसाच्या तसा लागू पडणार नाही. आपला शिक्षक सहसा नोकरी सोडत नाही. तो उत्साह सोडतो. आणि उत्साह गेलेल्या शिक्षकाच्या वर्गातून वीस-पंचवीस वर्षांत किती मुले जातात, याचा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षणात येत नाही.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. ओहमच्या नियमाचा प्रयोग आपण सर्वांनी घेतलेला आहे. विभवांतर आणि विद्युतधारा यांची पाच-सहा निरीक्षणे घ्यायची, आलेख काढायचा, सरळ रेषा यायची. एखाद्या मुलीचा शेवटचा बिंदू रेषेवर पडत नाही. ती काय करते? खोडरबर घेते. आपण काय करतो? बहुधा पाहिले न पाहिल्यासारखे करतो, कारण पुढचा गट खोळंबलेला असतो. ज्या शिक्षकाने आठ आठवडे फसलेल्या निरीक्षणांच्या संगतीत घालवले आहेत, त्याचा हात मात्र त्या खोडरबरापाशी थांबतो. बिंदू खाली का आला? तार तापली असेल काय? तापली तर रोध वाढेल, मग धारा कमी होईल. की जोडणी सैल होती? दोन मिनिटे कळ बंद ठेवून तार थंड होऊ दिली आणि पुन्हा पाहिले तर? तोच प्रयोग, तेच साहित्य, तेवढीच तासिका. त्यासाठी नवी इमारत लागत नाही की संगणक लागत नाही. पण त्या मुलीच्या हातून जे घडले, ते विज्ञान होते आणि खोडरबराने जे घडते, ते विज्ञान नव्हे.

या विचाराचा वारसा आपल्याकडे नाही, असे कोणी समजू नये. जगदीशचंद्र बोस हे कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील अध्यापक होते. गोऱ्या प्राध्यापकांहून कमी वेतन देऊ केले म्हणून त्यांनी तीन वर्षे ते स्वीकारले नाही, पण शिकवणे थांबवले नाही, आणि अध्यापनाबरोबर संशोधनही केले. सत्येंद्रनाथ बोस यांचा १९२४ सालचा जगद्विख्यात शोधनिबंध ढाक्याच्या विद्यापीठात प्लांकचा नियम शिकवताना त्याच्या प्रचलित मांडणीविषयी वाटलेल्या असमाधानातून निघाला. शिकवणारा आणि शोधणारा यांच्यामध्ये भिंत नव्हती. ती पुढे उभी राहिली. संशोधन प्रयोगशाळांत गेले, अध्यापन शाळांत राहिले, आणि दोघांची गाठ पडली तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या हारतुऱ्यांत!

ही भिंत पाडण्याचे प्रयत्नही झाले. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत १९७२ साली एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. दिल्ली विद्यापीठ, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था अशा ठिकाणचे वैज्ञानिक तेथे उन्हाळ्यात येत आणि माध्यमिकपूर्व वर्गांच्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करीत. शिक्षकांनी आधी स्वतः प्रयोग करायचे, चुकायचे, वाद घालायचे. पुढे हा कार्यक्रम सुमारे एक हजार शाळांत पोहोचला आणि २००२ साली राज्य शासनाच्या निर्णयाने बंद झाला. तीस वर्षे चाललेली गोष्ट बंद करायला एक कागद पुरतो. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्रारंभीच्या काळातच जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण शाळांतील शिक्षकांबरोबर काम केले. पुण्याच्या 'आयुका'मध्ये शालेय विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात एक-एक आठवडा वैज्ञानिकांच्या सान्निध्यात घालवण्याची संधी मिळू लागली. विद्यार्थ्यांसाठी हे जमते, तर शिक्षकांसाठी का जमू नये? देशातील विज्ञान अकादमींनी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती सुरू केल्या, त्यांत शिक्षकांनाही स्थान दिले. पण ते महाविद्यालयीन शिक्षकांना. माध्यमिक शिक्षक दाराबाहेरच राहिला.

हे दार मोठ्या संस्थांतच उघडावे लागेल, असेही नाही. राहुरी, दापोली, अकोला, परभणी येथे कृषी विद्यापीठे आहेत. तेथे माती, पाणी, बियाणे, कीड यांवर वर्षभर संशोधन चालते. अहिल्यानगर किंवा रत्नागिरी जिल्ह्यातील शिक्षकाला त्यासाठी न्यूयॉर्क तर सोडाच, पुण्यालाही जायला नको. एका विभागाने एका उन्हाळ्यात एक शिक्षक घेतला तरी आरंभ होईल. अडचण सांगितली जाते ती अशी, की संशोधकाला शिक्षकाचा उपयोग काय? तो शिकेपर्यंत सुट्टी संपते. ही अडचण खरी आहे आणि म्हणूनच कोलंबियाच्या योजनेत एकाऐवजी दोन उन्हाळे होते. पहिल्यात शिकायचे, दुसऱ्यात उपयोगी पडायचे. आपण याची नक्कल करताना खर्च वाचवण्यासाठी दुसरा उन्हाळा छाटू, अशी मला शंका आहे. तसे करायचे असेल तर न केलेले बरे.

शासनाने योजना काढावी, ही मागणी शिक्षक संघटनांनी अवश्य करावी. पण तोपर्यंत ज्यांना जायचे आहे, त्यांनी थांबू नये. येत्या उन्हाळ्यासाठी दिवाळीच्या सुट्टीतच जवळच्या विद्यापीठातील एखाद्या विभागाला पत्र लिहावे. पत्रात आपल्या पदव्या आणि पुरस्कार यांची यादी देऊ नये. जयंत नारळीकरांकडे मुले स्वाक्षरी मागत, तेव्हा ते म्हणत की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. तसा एक प्रश्न आपल्या पत्रात असावा. वर्गात मुलांनी विचारलेला, ज्याचे उत्तर आपल्याला देता आले नाही असा. आपल्या शाळेच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात खारट का लागते, एवढा असला तरी पुरे. सोबत किती आठवडे येऊ शकता, राहण्याची सोय आहे काय, आणि मुख्याध्यापकांची संमती आहे काय, हे स्पष्ट लिहावे. दहा पत्रांना एक उत्तर येईल. ते आले, की आम्हालाही कळवावे. कोणत्या विभागाने दार उघडले, हे इतर शिक्षकांना सांगता येईल.