दुकानातील संगणक : आगाऊ विचाराची आवश्यकता

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात जानेवारी २०२६ मध्ये केलेले भाषण)



व्यापाराविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा आमची थोडी त्रेधाच उडाली. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले शाळामास्तर. सारे आयुष्य खडू-फळ्यात गेलेले. परंतु निवृत्तीनंतर मंडळाने शिक्षणनिधीचे दप्तर आमच्या स्वाधीन केले. त्या कामी आमच्या हातून जी चूक घडली, ती उघड सांगितल्याने एखाद्या दुकानदाराचे नुकसान टळेल, एवढ्याच हेतूने आम्ही येथे उभे आहोत.

निधीचा संगणक २०१६ साली घेतलेला. गेल्या आषाढात एका तरुण कार्यकर्त्याने आम्हांस सुचविले, "गुरुजी, १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० साठी कंपनीच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या बंद होणार. आपले यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, आणि डिस्कही कुरकुरते आहे. आताच नवे घेऊ." त्याने दरपत्रकही आणले होते. आम्ही म्हणालो, "बाळ, चालते आहे तोवर चालू दे. संस्थेचा पैसा आहे." काटकसर केल्याच्या समाधानात आम्ही राहिलो. नोव्हेंबरात डिस्क बंद पडली. नोंदींची दुसरी प्रत आम्ही ठेवलीच नव्हती. पावतीपुस्तके शाबूत होती म्हणून हिशेब पुन्हा उभा राहिला. परंतु त्यास पाच आठवडे लागले. तेवढ्या अवधीत एका विद्यार्थिनीच्या शुल्काची मुदत आली आणि तिच्या वडिलांस घरातील दागिना गहाण ठेवावा लागला. नवे यंत्र घ्यावयास गेलो, तर जुन्या दरपत्रकातील भाव राहिलेला नव्हता. एका यंत्राच्या किमतीहून आम्हांस त्या दागिन्याची खंत अधिक वाटते.

हा भाव एकाएकी का चढला? आपण तांबे-पितळेचा व्यापार करणारी माणसे. धातूचा दर हलला की त्याचे कारण आपण प्रथम शोधतो. संगणकातही तसेच आहे. त्याच्या तात्पुरत्या स्मृतीस रॅम म्हणतात. तिच्या चकत्या जगात मुख्यतः तीनच कंपन्या करतात : दक्षिण कोरियातील सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेतील मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर प्रचंड संगणकगृहे उभी राहत आहेत. त्यांस लागणाऱ्या विशेष स्मृतीकडे या कंपन्यांनी आपले उत्पादन वळविले आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या मालाची टंचाई झाली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. त्यातून हा माल डॉलरांत खरीदला जातो, आणि त्याच महिन्यात डॉलरचा दर नव्वद रुपयांपलीकडे गेला. अशी तेजी नवीनही नव्हे. २०११ साली थायलंडात महापूर आला, तेव्हा तेथील कारखाने पाण्याखाली जाऊन हार्ड डिस्कचे भाव असेच भडकले होते. दूरदेशीचा पूर आपल्या पेठेतील दुकानापर्यंत पोहोचतो, तो असा.

मग धास्तीने आजच सर्व यंत्रे बदलावीत काय? मुळीच नव्हे. भांडी कोठारात ठेवली तरी तांबे ते तांबेच राहते, आणि मोडीतही त्याची किंमत येते. संगणक मात्र खोक्यात पडून जुना होतो, आणि त्याच्या हमीची मुदत खरेदीच्या दिवसापासून सरू लागते. म्हणून साठा करू नये, व कर्ज काढून तर नकोच. येत्या वर्षा-दीड वर्षात जे घ्यावेच लागणार आहे, तेवढेच ओळखून वेळेवर घ्यावे.

ते ओळखावयाचे साधन म्हणजे एक साधी नोंदवही. प्रत्येक यंत्राचे खरेदीचे साल, प्रोसेसरची पिढी, रॅम, डिस्कचा प्रकार, विंडोज कोणते, आणि त्यावर काम कोणते, हे तीत लिहावे. मग यंत्रांचे तीन वर्ग आपोआप पडतात.

पहिला वर्ग, ज्यावर बिले व हिशेब होतात, परंतु जे विंडोज ११ घेऊ शकत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीची यंत्रे सामान्यतः यात येतात. ही प्रथम बदलावीत. जुन्या विंडोजसाठी व्यवसायांस सशुल्क मुदतवाढ तीन वर्षांपर्यंत मिळते; पण तिचे शुल्क दरवर्षी दुप्पट होते, हे ध्यानात असावे. दुसरा वर्ग, यंत्र योग्य पण मंद. तेथे जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविली किंवा रॅम वाढविली, तर पुष्कळदा काम भागते. मात्र डीडीआर-४ व डीडीआर-५ या प्रकारांची रॅम एकमेकींच्या जागी बसत नाही. तेव्हा आपल्या यंत्रास कोणती लागते हे पाहूनच खरेदी करावी. तिसरा वर्ग ठीक चालणाऱ्यांचा. त्यांस हात लावू नये.

आता पैशाचा प्रश्न. येथे शाळेतले गणित पुरे आहे. यंत्र ४८,००० रुपयांचे व त्याचे आयुष्य पाच वर्षे धरा. म्हणजे साठ महिने. दरमहा ८०० रुपये बाजूला ठेवले की पुढचे यंत्र उभे राहते. भाव चतुर्थांशाने वाढण्याचा संभव धरला, तर दरमहा १,००० रुपये ठेवावेत. दुकानात चार यंत्रे असल्यास दरसाल एकच बदलावे, म्हणजे सर्व भार एकाच तेजीत पडत नाही. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास व्यवसायासाठी घेतलेल्या संगणकावरील १८ टक्के जीएसटीची वजावट सामान्यतः मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास ती मिळत नाही. यास्तव बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावरच घ्यावे आणि आपल्या करसल्लागारास विचारावे.

आणि सर्वांआधी नोंदींच्या दोन प्रती करा. त्यांतील एक दुकानाबाहेर, घरी ठेवा. महिन्यातून एकदा ती उघडून पाहा. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे, असा कायदाच आहे. यंत्र पैशाने पुन्हा येते. गेलेली उधारीची खातेवही बाजारात विकत मिळत नाही.

खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतो. ऐरण-हातोड्याशेजारी आता पुष्कळ घरांत संगणकासही हळदकुंकू लागते. त्या दिवशी फूल वाहण्यापूर्वी ही नोंदवही एकदा वाचावी आणि पुढील वर्षाचा निर्णय तेथेच करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. शिक्षणनिधीच्या दप्तरात ही वही आम्ही सुरू केली आहे, आणि दुसरी प्रत दर शनिवारी चिटणिसांच्या घरी जाते. त्या भगिनीच्या वडिलांची आम्ही घरी जाऊन क्षमा मागितली आहे; आज सर्वांसमक्ष पुन्हा मागतो. आमची चूक आपल्या उपयोगी पडो, इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.