दुविधा: चेहरा एकच, माणसं दोन

आजचा सिनेमा असा आहे की त्यात कोणी फारसं बोलतच नाही. मणि कौल यांचा 'दुविधा', १९७३ सालचा. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवर बेतलेला आणि त्यांच्याच बोरुंदा गावात चित्रित केलेला. शेवट सांगणार आहे, त्यामुळे ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथेच थांबा.

गोष्ट तशी लोककथेतली. नवी नवरी सासरी निघालीये. वाटेत झाडावरचं भूत तिला बघतं आणि प्रेमात पडतं. नवरा मात्र गाडीत बसून लग्नखर्चाचा हिशोब करतोय! घरी पोचल्यावर दोन-चार दिवसांत तो व्यापारासाठी पाच वर्षं निघून जातो, कारण मुहूर्त चांगला आहे. मग भूत त्याचंच रूप घेऊन घरात येतं. सासऱ्याला सोन्याच्या मोहरा मिळायला लागतात, तो कशाला काय विचारतोय!

दोन्ही भूमिका रवी मेनन यांच्याच. म्हणजे हा प्रेमाचा त्रिकोण, पण त्यात चेहरे दोनच. मग फरक कळतो कुठे? तर भूत तिच्यापाशी खोटं बोलत नाही. मी तुझा नवरा नाही, असं ते आधीच सांगतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं. माझ्या मते अख्खा सिनेमा या एका जागेवर उभा आहे. लग्न ठरवताना, नवरा निघून जाताना, तिला कोणी काही विचारलेलं नाही. विचारणारा पहिला भेटला, तो माणूस नव्हता.

ही शांतता म्हणूनच मला 'आर्ट फिल्म'ची स्टाइल वाटत नाही. कॅमेरा रईसा पदमसी यांच्या चेहऱ्यावर, हातांवर, घुंघटावर थांबतो. मध्येच चित्र गोठतं. मनातलं बोलणं वरून ऐकू येतं, समोरासमोर संवाद अगदी मोजके. पहिली वीस मिनिटं जड जातात, खोटं कशाला बोलू. पण दीडपट स्पीडवर लावू नका राव, ८२ मिनिटांचा तर आहे.

हीच कथा आपल्या अमोल पालेकरांनी २००५ मध्ये 'पहेली' म्हणून केली. शाहरुख, राणी, रंग, गाणी. तिथे शेवटी भूत नवऱ्याच्या शरीरात शिरतं आणि सगळं गोड होतं. मला 'पहेली' आवडतो, पण त्या शेवटाने नवऱ्याचं काय झालं हा प्रश्न सोयीने गायब होतो.

कौल ती सोय देत नाहीत. नवरा परत येतो, गावात गोंधळ उडतो. एक धनगर युक्तीने भुताला पखालीत कोंडतो. न्याय झाला म्हणून सगळे खूश. तिला मुलगी झालेली असते, त्याच भुतापासूनची. आणि रात्री तिला खऱ्या नवऱ्याच्या खोलीत जावं लागतं. तुला काय हवंय, हे आता विचारणारं घरात कोणी उरलेलं नसतं.