वाईन द्राक्षाची बाग लावण्यापूर्वी



वाईन द्राक्षाची बाग लावण्याचा विचार असेल, तर एक शनिवार-रविवार काढून आपण उभयतांनी नाशिकची फेरी करावी. बागेचा खर्च व कष्ट दोघांच्याही माथी असतात, म्हणून पाहणीही दोघांनी करावी. जानेवारी ते मार्च हा काढणीचा काळ त्यासाठी उत्तम.

पहिल्या दिवशी गंगापूर धरणाच्या परिसरातील बागा व वायनरी पाहाव्यात. सुलाची पहिली वाईन येथूनच २००० साली बाजारात आली. शिराझचा मणी चाखून पाहा. तो लहान, जाड सालीचा व बियांचा असतो. थॉमसनचा भाव पडला तर बेदाणा करता येतो. या द्राक्षाला वायनरीशिवाय गिऱ्हाईक नाही. २००८ नंतरच्या मंदीत खरेदी घटली, तेव्हा अनेकांना बागा तोडाव्या लागल्या. म्हणून दर, ब्रिक्स व माल उचलण्याची मुदत यांचा लेखी करार झाल्याशिवाय लागवड करू नये.

दुसऱ्या दिवशी विंचूरचा वाईन पार्क पाहावा. वाटेतल्या बागायतदारांना विचारावे, पैसे किती दिवसांत मिळतात?

आणखी एक पाहा. शहरातली जोडपी सुट्टीत येथे येतात ती वाईनइतकीच चांगल्या जेवणासाठी. चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा आपल्या घरी आहेच. राज्याचे कृषी पर्यटन धोरणही २०२० मध्ये आले. मात्र पाहुण्यांच्या स्वयंपाकाचा भार कोणावर पडणार, हे आधी घरात ठरवा. परवान्याशिवाय वाईन विकू नका.

पाहून, विचारून, हिशेब मांडूनच चर खोदावेत.