ट्रेलरच्या पाठीमागचा तांबडा दिवा



मुंबई-नाशिक महामार्गावरील वडपे हे भिवंडी तालुक्यातील गाव. या परिसरात गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. आणि ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यापासून नागपूरकडील वाहतूकही याच बाजूस उतरू लागली आहे. माल उतरविण्याची पाळी येईपर्यंत ट्रेलर रस्त्याच्या कडेस उभे राहतात. रात्रपाळी आटोपून दुचाकीवरून घरी परतणाऱ्या तरुणास अंधारातील तो ट्रेलर वेळीच दिसणे हे त्याच्या पाठीमागील वीतभर दिव्यावर अवलंबून असते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये हा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी ८० किलोमीटर वेगाने हे अंतर सात सेकंदांत संपते!

जुन्या बल्बमधील तार तापून पूर्ण उजळण्यास सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. एलईडी दिवा जवळजवळ तत्क्षणी लागतो. ब्रेक दाबल्याची सूचना मागील चालकास तेवढी आधी मिळते. म्हणजेच वरील वेगात चार मीटरहून अधिक अंतर त्याच्या हाती उरते. शिवाय या दिव्यात तारच नसल्याने खड्ड्यांच्या हादऱ्यांनी ती तुटण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि वीजही थोडी लागते.

१९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी बनविलेला, दृश्य प्रकाश देणारा एलईडी तांबडाच होता. पांढरा प्रकाश पुष्कळ उशिरा आला. त्याचा मार्ग खुला करणाऱ्या निळ्या एलईडीसाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे हौस मात्र या पांढऱ्याचीच. ट्रकच्या कपाळावर डोळे दिपविणारे जादा दिवे चढतात आणि मागचा दिवा चिखलाने माखलेला असतो. समोरून येणाऱ्यास आंधळे करणारा हा खर्च सर्वस्वी अनाठायी होय.

दिवा उत्तम असला तरी त्यास वीज पोहोचली पाहिजे. ट्रेलरला ती पुढील वाहनाकडून, प्लगद्वारे मिळते. पावसाळ्यात प्लगच्या पिनांवर हिरवट गंज चढतो आणि नवा कोरा दिवाही मिणमिणू लागतो. अशा वेळी दिवा बदलण्याआधी पिना घासून पाहणे शहाणपणाचे.

पुढील वाहन सोडवून ट्रेलर एकटाच कडेला ठेवला, तर ही वीजच तुटते. मागचा एलईडी मग निरुपयोगी ठरतो. म्हणून असा ट्रेलर रस्त्यावर ठेवूच नये. वडप्यासारख्या गावांत पंचायत सदस्यांनी याबाबत गोदामचालकांशी बोलून आवारातच जागा करून घ्यावी. वाहन बिघडून रस्त्यावरच अडकले, तर मागे पुरेशा अंतरावर सूचक त्रिकोण मांडावा आणि ट्रेलरची परावर्तक पट्टी ओल्या फडक्याने पुसावी. मागून येणाऱ्या वाहनाच्या उजेडात तीच चमकते.