पहिली पदवी आणि पहिले कर्ज
(ज्ञातिसंघाच्या हिंदमाता येथील वार्षिक मेळाव्यात शिक्षणनिधी समितीच्या वतीने केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी चार कौतुकाचे शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा आहे. कौतुक तर आहेच. परंतु शिक्षणनिधीचे काम पाहताना जे आमच्या दृष्टीस पडते, ते ह्या सभेत बोलावयाचे नाही तर कोठे बोलावयाचे? आज हार घेऊन घरी गेलेल्या मुलाचे वडील महिनाभराने कर्जाचे कागद घेऊन आमच्याकडे येतात. तोवर महाविद्यालय ठरलेले असते, पहिला हप्ता भरलेला असतो, आणि सल्ला देण्यास जागाच उरलेली नसते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वडील येथीलच कापडबाजारात दुकानावर नोकरीस. आजोबा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर पुन्हा खात्यात गेले नाहीत. मुलास अभियांत्रिकीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक मुंबईतील साधे महाविद्यालय, लोकलने जाऊन-येऊन करण्याजोगे. दुसरे दूरचे स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठ, मोठ्या नावाचे, गुळगुळीत माहितीपुस्तिकेचे. चार वर्षांत खर्चाचा फरक सुमारे 10 लाख रुपयांचा. पागडीची खोली बँक तारण घेईना, म्हणून गावच्या घराचा विचार झाला; तेथे सातबाऱ्यावर सात नावे! चुलत्यांच्या विनवण्या करून सह्या मिळविल्या, आणि तरीही अपुरी पडणारी रक्कम आपल्या निधीने कर्जाऊ द्यावी, असा अर्ज आमच्यापुढे आला.

आम्ही त्यांच्यापुढे कागद घेऊन हिशेब मांडला. दरसाल अडीच लाख याप्रमाणे चार वर्षांत 10 लाख रुपये उचलले, व्याज शेकडा 10 धरले, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाने फेड सुरू झाली, तर तोवर सरळ व्याजच 3 लाख 50 हजार होते. साडेतेरा लाखांची फेड दहा वर्षांत करावयाची म्हटल्यास महिन्यास 17 हजार 840 रुपये, म्हणजे एकूण 21 लाख 40 हजारांवर. आपल्या ह्या भागात पावसाचे पाणी चढू लागले की दुकानदार फळ्या लावून माल वर उचलतो, कारण पाणी दिसते. व्याज चढताना दिसत नाही. शिकत असतानाच घरच्यांनी ते व्याज भरले, तर हाच हप्ता 13 हजार 215 वर येतो; पण हे कोणी आपणहून सांगत नाही.

वडिलांचे म्हणणे एकच होते, “नावाला किंमत असते.” ते खोटे नाही. परंतु माहितीपुस्तिकेत छापलेले असते ते सर्वांत वरच्या विद्यार्थ्याचे वेतन. वर्गातल्या मधल्या विद्यार्थ्यास काय मिळाले, कितीजणांस काहीच मिळाले नाही, हे विचारल्याखेरीज त्या नावाची किंमत कशी करावी? समजा, पहिला पगार 30 हजार मिळाला, तर हप्ता देऊन हाती 12 हजार उरतील. तेवढ्यात मुलगा परगावी खोली भाड्याने घेणार की घरी पैसे धाडणार?

कर्ज काढूच नये, असे आमचे म्हणणे नाही. येथून जवळच, परळच्या बी.आय.टी. चाळीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले. त्यांच्या अलौकिक बुद्धीशी आपली तुलना करण्याचा उद्देश नाही. त्यांनी शिक्षणाचा पैसा कसकसा उभा केला तो क्रम मात्र पाहण्यासारखा आहे. 1912 साली त्यांनी बी.ए. केले ते मुंबईतच, एल्फिन्स्टन महाविद्यालयात, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा 25 रुपयांच्या साहाय्यावर. 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. परंतु तिच्यासोबत संस्थानाची दहा वर्षे चाकरी करण्याचा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपताच लंडनचा अभ्यास अर्धा टाकून 1917 साली त्यांना परतावे लागले. 1918 पासून त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पगारातून शिल्लक टाकली, आणि 1920 साली पुन्हा लंडन गाठले. त्या वेळी स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना ह्यांच्याकडून उसने घेतलेले 5 हजार रुपये एवढी पुंजी होती. उसने पैसे घेतले ते शेवटच्या पायरीसाठी, स्वतः कमावते झाल्यावर.

आज आपण नेमके उलट करतो. पहिल्याच पदवीसाठी घर गहाण टाकतो, आणि पुढे खरोखर परदेशी जाण्याची वेळ आली की तारणास काही शिल्लक नसते. जमशेटजी टाटांनी 1892 साली स्थापन केलेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांनाच मिळते, हेही लक्षात घ्यावे. आणि ज्यांना घराजवळ पहिली पदवी घेता येते, त्यांचे भाग्य तरी केवढे! रुईया, खालसा, पोदार, माटुंग्याची वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्था, परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, ही सर्व आपल्या अंगणात आहेत. दूरच्या गावची मुले त्यांच्यासाठी मुंबईत खाटा भाड्याने घेऊन राहतात. अर्थात शासकीय महाविद्यालयात दूर जागा मिळाली, तर वसतिगृहाचा खर्च सोसूनही जावे. तेथे आम्ही निधी आनंदाने देऊ.

देणगीविषयी एकच सांगतो. प्रवेशासाठी देणगी घेण्यास महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने बंदी आहे. शिवाय बँक कर्ज देते ते पावतीवर. पावती नसलेला पैसा भिशीतून नाहीतर सावकाराकडूनच आणावा लागतो, आणि तेथे सवलतीचा काळ नसतो.

त्या अर्जास आम्ही नकार दिला. निधीत पैसे होते, तरीही दिला. वडील रागावले, गेल्या वर्षी मेळाव्यास आले नाहीत. मुलगा त्या विद्यापीठातच गेला, कर्ज उभे राहिले. आमचा निर्णय चुकीचा ठरला तर आम्हांस आनंदच होईल.

ते गृहस्थ आज सभागृहात आले आहेत, कारण ज्यांचा सत्कार व्हावयाचा आहे त्यांत त्यांची धाकटी कन्या आहे. तिलाही अभियांत्रिकीस जावयाचे आहे, आणि गावचे घर तर आधीच अडकलेले आहे. म्हणून तिच्यासाठी व तिच्यासारख्या सर्व मुलींसाठी मुद्दाम सांगतो. इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक ह्यांतील, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींस 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क राज्य शासनाने पूर्ण माफ केले आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतूनच झाला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून गेल्यास, अथवा खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठात गेल्यास ही सवलत नाही. पसंतीक्रम भरताना नावांच्या ओळीत हा भेद दिसत नाही. उत्पन्नाचा दाखला व जातीचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे.

सत्कार आटोपल्यावर व्यासपीठाच्या डाव्या बाजूस समितीचे टेबल मांडलेले आहे. ज्यांनी अद्याप पसंतीक्रम भरलेला नाही, त्यांनी कागद घेऊन तेथे बसावे. रात्री उशीर झाला तरी आम्ही थांबणार आहोत.